वायदा, सट्टा आणि डब्बा



या महिन्यात आम्ही घरातल्या बचतीबद्दल लिहिणार होतो. ते पुढच्या अंकात लिहू. धुळ्याहून एका आपांचे पत्र आले आहे आणि ते बाजूला ठेवण्यासारखे नाही. नाव न छापण्याच्या अटीवर मजकूर वापरायला त्यांनी परवानगी दिली आहे.

त्यांच्या घरी चार पॉवरलूम होते. त्यांतले दोन बरेच दिवस बंद होते, ते भंगाराच्या भावात विकले. पैसे हाताशी राहिले तर खर्च होतील म्हणून ते मोठ्या मुलाच्या खात्यावर ठेवले. मुलगा चोवीस वर्षांचा, एका मेडिकल दुकानात कामाला आहे. त्याने ओळखीतल्या एका माणसाकडे मोबाइलवर चांदी आणि कच्च्या तेलाचे 'ट्रेडिंग' सुरू केले. पहिल्या महिन्यात नफा रोख हातात मिळाला. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी लूमचे सगळे पैसे संपले, आणि आता तो माणूस वरून साठ हजार मागतो आहे. मुलगा म्हणतो, "अम्मी, हे एमसीएक्स आहे, सरकारमान्य आहे." वडील म्हणतात, "हा जुगार आहे." मामू म्हणतात, "झाले ते झाले, पण देणे लागत असेल तर देऊन टाका, कर्ज मानेवर ठेवू नका." आपा विचारतात, तिघांत खरे कोणाचे?

थोडक्यात उत्तर असे. मुलगा ज्या बाजाराचे नाव घेतो तो सरकारमान्य आहे, पण मुलगा त्या बाजारात कधी गेलाच नव्हता. वडिलांचे म्हणणे या व्यवहारापुरते बरोबर आहे. मामूंची काळजी नेक आहे, पण ती चुकीच्या माणसाला पैसे मिळवून देईल. आता सविस्तर पाहू.

आमच्या ओसरीवरचा कापूस

आमचे मोठे भाऊ चोपड्याकडे शेती करतात आणि मामेभाऊ धुळ्यात लूम चालवतात. एकाचा कापूस विकला जातो, दुसऱ्याला सूत विकत घ्यावे लागते. २०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलमागे दहा हजारांचा आकडा ओलांडला. उन्हाळ्यात रुईची खंडी लाखाच्या वर गेली. भाऊंच्या घरी त्या वर्षी पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. त्याच उन्हाळ्यात मामेभाऊंनी सूत परवडत नाही म्हणून अर्धे लूम बंद ठेवले. ईदच्या दिवशी दोघे एका दस्तरखानावर बसले होते आणि एकच भाव एकाला गोड, दुसऱ्याला कडू लागत होता. सरकारने १४ एप्रिल २०२२ पासून कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क माफ केले, तेव्हा मामेभाऊंनी शुक्र केले आणि भाऊंनी कपाळाला हात लावला.

पुढच्या हंगामात दिवाळीच्या सुमाराला खेडा खरेदीचे व्यापारी साडेआठ हजार देत होते. भाऊंनी दिला नाही. खानदेशात त्या वर्षी घरोघरी हेच झाले. दहा हजार पुन्हा येतील म्हणून कापूस ओसरीवर, झोपायच्या खोलीत, जागा मिळेल तिथे भरला. त्यात किडे झाले, लेकरांच्या अंगाला खाज सुटली, भाव काही आला नाही. पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसे हवेत म्हणून तोच कापूस सात हजारांच्या आसपास गेला.

भाऊ आळशी नव्हते आणि लोभीही नव्हते. पुढे भाव काय राहील हे त्यांना माहीत नव्हते, एवढेच. वायदेबाजाराचा जन्म या न कळण्यातूनच झाला आहे.

वायदा म्हणजे नेमके काय

मोंढ्यात माल दिला आणि पैसे घेतले, हा हजर सौदा. "फेब्रुवारीत इतका माल, इतक्या भावाने देईन," असे आज ठरवले, तर तो मुदतीचा सौदा. हाच मुदतीचा सौदा बाजाराने ठरवलेल्या एका मापात, एका प्रतीत, एका तारखेला बसवला आणि कोणालाही तो घेता-विकता येईल असा केला, की त्याला वायदा म्हणतात.

जिनवाला दोन महिन्यांनी रुई विकणार असेल आणि भाव पडण्याची त्याला भीती असेल, तर तो आज वायदा विकून ठेवतो. भाव पडला तर मालात तोटा होतो, पण वायद्यात तेवढाच फायदा मिळतो. गिरणीला भाव वाढण्याची भीती असते, ती वायदा घेऊन ठेवते. जळगावच्या सराफ बाजारात सोन्या-चांदीचा दर दिवसातून दोनदा का बदलतो, असे आम्हाला बायका नेहमी विचारतात. त्याच्या मुळाशीही जगभरच्या बाजारांतले आणि आपल्या एमसीएक्सवरचे वायद्याचे भाव असतात. मोठा सराफ आज आगाऊ नोंदणीने दागिन्याचा दर बांधून देतो, तेव्हा तोही स्वतःचा धोका कुठेतरी वायद्यात झाकून घेत असतो.

या बाजारात तिसराही एक माणूस असतो. त्याच्याकडे ना रुई असते, ना सूत, ना दुकान. तो नुसता भाव वर जाईल की खाली, यावर पैसे लावतो. त्याच्यामुळे बाजारात घेणारा-विकणारा चटकन मिळतो हे खरे. पण तो वाढला की वायद्याचा सट्टा होतो. कायद्याची सगळी धडपड या तिसऱ्या माणसाला आवरण्याची आहे.

दीडशे वर्षांची गोष्ट

खानदेशाला हा खेळ नवा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. नव्या रेल्वेमार्गावरचे जळगाव कापसाची मोठी पेठ बनले. मुंबईत कापसाच्या पैशावर शेअरचे मुदतीचे सौदे सुरू झाले. १८६५ मध्ये युद्ध थांबले, भाव कोसळला, मुंबईत पेढ्या बुडाल्या आणि जळगावच्या व्यापारालाही जबर मार बसला. त्याच १८६५ साली मुंबई इलाख्यात पैजेच्या व्यवहारांविरुद्ध कायदा झाला. पुढे १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० ने देशभर सांगितले, की पैजेचा करार रद्दबातल आहे आणि पैजेत जिंकलेल्या पैशासाठी दावा लावता येत नाही. आपांनी हे कलम लक्षात ठेवावे, शेवटी त्याची गरज पडणार आहे.

पुढे १९२१ साली मुंबईत ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन उभी राहिली आणि कापसाचा वायदा शिस्तीत चालू लागला. पण शिस्तीच्या बाहेर लोकांनी नवा धंदा काढला. न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद भावाच्या आकड्यांवर मुंबईत पैजा लागू लागल्या. १९६० च्या सुमाराला ते आकडे येणे बंद झाले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरवू लागले. तोच मटका. ज्या मटक्याने आपल्या कित्येक मोहल्ल्यांत चुली विझवल्या, त्याचा जन्म कापसाच्या भावातून झाला.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली वायदा करार नियमन कायदा आला आणि १९५३ मध्ये वायदे बाजार आयोग नेमला गेला. १९६० च्या दशकात टंचाई वाढली तसे कापसासह बहुतेक वायदे बंद केले गेले. आपल्या राज्यात १९७२ पासून सुमारे तीस वर्षे एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारलाच द्यायचा, भाव सरकार ठरवणार. वडीलधाऱ्यांना त्या काळातल्या संकलन केंद्रांपुढच्या बैलगाड्यांच्या रांगा आठवत असतील. २००३ मध्ये केंद्र सरकारने वायद्यावरची बंदी उठवली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी एमसीएक्स आणि एनसीडीईएक्स हे संगणकावर चालणारे बाजार सुरू झाले.

मोकळी सोडलेली फट

नियम असून भागत नाही, नियम कोणाच्या हातात आहेत हेही पाहावे लागते. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज नावाचा एक बाजार होता. तो हजर सौद्यांचा म्हणून काढला आणि २००७ मध्ये सरकारने त्याला वायदा कायद्यातून सूट दिली. प्रत्यक्षात तिथे आज माल घ्या, पंचवीस-तीस दिवसांनी जास्त भावाने विका, असे जोडसौदे चालू झाले. लोकांना वाटले, ठेवीसारखे व्याज मिळते आहे. गोदामात माल आहे की नाही हे नीट कोणी पाहिले नाही. ३१ जुलै २०१३ ला व्यवहार थांबले तेव्हा सुमारे तेरा हजार गुंतवणूकदारांचे जवळपास ५,६०० कोटी रुपये अडकले आणि गोदामांत सांगितलेला माल नव्हता. आयोगाचे हात तोकडे होते.

या धक्क्यानंतर २८ सप्टेंबर २०१५ ला वायदे बाजार आयोग सेबीत विलीन झाला. शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी संस्थाच आता मालाच्या वायद्यावर लक्ष ठेवते, आणि लागू होतो तो १९५६ चा रोखे करार नियमन कायदा.

सेबीचे हात कुठपर्यंत पोहोचतात, हेही समजून घ्या. माल आणि पैसे अकरा दिवसांच्या आत हातोहात होत असतील, तर कायदा त्याला हजर सौदा मानतो. तो वायदा नाही. दोन ठरावीक माणसांनी माल देण्या-घेण्यासाठी केलेला, तिसऱ्याला विकता न येणारा मुदतीचा सौदाही या कायद्याबाहेर आहे. म्हणून खेडा खरेदीचा व्यापारी "भाव नंतर काढू" म्हणून कापूस उचलून नेतो आणि पुढे गायब होतो, तेव्हा सेबी काही करू शकत नाही. ते प्रकरण बाजार समितीचे आणि पोलीस ठाण्याचे. अशा व्यवहारात वजन, भाव आणि तारीख लिहिलेली सहीची पावती हीच तुमची सेबी.

सरकार वायदा बंद का करते?

सेबीने २० डिसेंबर २०२१ ला सात शेतमालांचे वायदे थांबवले: बासमती सोडून भात, गहू, हरभरा, मोहरी, सोयाबीन, कच्चे पामतेल आणि मूग. मुदत एका वर्षाची होती, ती पुढे वाढवत नेली. जळगावच्या डाळ मिलवाल्यांना हरभऱ्याचा पुढचा भाव पाहण्याचे एक साधन त्यामुळे हातातून गेले. शेतकरी संघटनेने या बंदीविरुद्ध आवाज उठवला. महागाई वायद्यामुळे होते का, हे तपासायला आधीच अभिजित सेन समिती नेमली होती. तिने २००८ च्या अहवालात तसा ठाम निष्कर्ष काढता येत नाही असे सांगितले.

कापसाचे प्रकरण वेगळे झाले. २०२२ मध्ये सूतगिरण्यांनी ओरड केली, की सट्ट्याने भाव चढतो आहे. एमसीएक्सने नवे सौदे थांबवले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या मापाने वायदा पुन्हा आणला. आधी एक सौदा २५ गाठींचा होता, तो ४८ खंडींचा केला. हा बदल कागदावर लहान दिसतो, पण आपल्यासाठी फार मोठा आहे. त्याचा हिशेब मांडू.

एक गाठ १७० किलोची. एक खंडी सुमारे ३५६ किलो रुईची. शंभर किलो कापसाला ३४ किलो रुईचा उतारा धरला, तर जुना सौदा सुमारे १२५ क्विंटल कापसाचा होता. नवा सौदा १७,००० किलो रुईचा, म्हणजे सुमारे ५०० क्विंटल कापसाचा आहे. आमच्या भाऊंची पाच एकर कपाशी चांगल्या साली ३५ क्विंटल देते. चौदा भाऊ एकत्र आले तर एक सौदा जवळपास पुरा होईल.

पैशाचाही हिशेब पाहा. समजा खंडीचा भाव ५६,००० आहे. एक सौदा २६ लाख ८८ हजारांचा झाला. त्यासाठी दहा टक्के अनामत धरली तर दोन लाख सत्तर हजारांच्या आसपास लागतील. बाजारात तिला मार्जिन म्हणतात. खंडीमागे हजार रुपये पडले, तर एका दिवसात ४८ हजार खात्यातून जातात आणि तेवढे भरावे लागतात. ज्याच्या गोदामात खरोखर शंभर गाठी आहेत त्याला हा तोटा दुसऱ्या हाताने भरून मिळतो. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याचा तोटा तोटाच राहतो.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. एकट्या शेतकऱ्याने आणि नोकरदार मुलाने वायद्यात उतरू नये. पाच-पंचवीस गावांची शेतकरी उत्पादक कंपनी असेल, तिच्याकडे हिशेब कळणारा माणूस असेल आणि माल खरोखर असेल, तर तिने अभ्यास करून पाहावे. एकट्यासाठी पहिली ढाल हमीभाव आहे. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव होता. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, बारा टक्क्यांपर्यंत ओलाव्याचा कापूस घेते आणि त्यासाठी कपास किसान ॲपवर नोंदणी लागते. कापूस उन्हात वाळवून नेला तर ओलाव्याची कपात वाचते. वायद्याचा भाव मोबाइलवर फुकट दिसतो, तो जरूर पाहा. विकायचे की थांबायचे हे ठरवताना त्याचा उपयोग होतो, आणि पाहायला पैसे लागत नाहीत.

डब्बा कसा ओळखावा

आता आपांच्या मुलाकडे येऊ. त्याने जे केले त्याला बाजारात डब्बा म्हणतात. डब्बेवाला एमसीएक्सचा भाव फक्त दाखवतो. तुमचा सौदा एमसीएक्सवर जात नाही, त्याच्या वहीत राहतो. तुम्ही हरलात की पैसे थेट त्याचे. म्हणून पहिल्या महिन्यात तो जिंकू देतो आणि नफा रोख देतो. मटकेवाला मडके दाखवायचा, हा एमसीएक्सचा पडदा दाखवतो, एवढाच फरक.

खूण सोपी आहे. नोंदणीकृत ब्रोकर पॅन आणि बँक खाते घेऊन तुमचे खाते उघडतो आणि प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र क्रमांक असतो. पैसे फक्त तुमच्या बँक खात्यातून ब्रोकरच्या कंपनीच्या खात्यात जातात. सौद्याचा लेखी तपशील चोवीस तासांत मिळतो आणि एक्स्चेंजकडूनही मोबाइलवर संदेश येतो. डब्ब्यात यांतले काहीच नसते. पैसे एखाद्या माणसाच्या यूपीआयवर किंवा हातात जातात, हिशेब आठवड्याने व्हॉट्सॲपवर येतो, आणि "टॅक्स नाही, कमी पैशात मोठा सौदा" हे आमिष असते. ब्रोकरचे नाव सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत आहे का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात.

रोखे करार नियमन कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अशा बेकायदा सौद्यांना दहा वर्षांपर्यंत कैद, २५ कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सौदे करणारा ग्राहकही त्यातून पूर्ण सुटत नाही, म्हणून हरलेला मुलगा तोंड उघडत नाही. डब्बेवाल्याची खरी ढाल हीच आहे.

कोणी म्हणेल, मग कायदेशीर बाजारात तरी खेळू द्या. शेअर बाजारातल्या अशाच मुदतीच्या सौद्यांचा सेबीने २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांत शंभरातल्या ९३ सामान्य लोकांना तोटाच झाला होता. कायदेशीर बाजार तुमची फसवणूक होऊ नये याची काळजी घेतो. तुम्ही हरू नये याची हमी कोणी देत नाही.

दीनी बाजूने

आपांनी विचारले नाही, पण वाचक विचारतीलच. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मदीनेत खजुरीचे आगाऊ सौदे होत. माप, वजन आणि मुदत ठरवून ते करावेत, अशी शिकवण त्यांनी दिली. फिकहमध्ये त्याला सलम म्हणतात. त्यात एक अट कडक आहे: किंमत सौद्याच्या वेळी पुरी द्यायची. शेतकऱ्याला पेरणीला पैसा मिळतो आणि घेणाऱ्याला माल मिळतो. आजच्या वायद्यात दोन्ही बाजू उधार असतात, आणि बहुतेक वेळा माल हलतच नाही. म्हणून जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९९२ च्या बैठकीत मालाचे वायदे आणि ऑप्शन सध्याच्या रूपात जायज नसल्याचा ठराव केला आणि सलमसारखे मार्ग सुचवले. खरा माल असणाऱ्या व्यापाऱ्याने धोका झाकण्यासाठी काय करावे, हा बारीक प्रश्न आहे. तो आपल्या मुफ्ती साहेबांना पूर्ण व्यवहार सांगून विचारावा, आमच्यासारख्या लेखकाला नव्हे. डब्ब्याबद्दल मात्र विचारण्यासारखे काही उरत नाही.

लूमवाल्या भावांसाठी एक गोष्ट. सूतवाल्याला पुरी रक्कम आगाऊ देऊन नंबर, वजन आणि तारीख लिहून घेतली, तर भाव वाढण्याचा धोका बराचसा टळतो. आमचे मामेभाऊ तिघांच्या भागीदारीत आता असेच करतात. त्यात ना अनामत, ना रोजची धडधड.

आपा, तुमच्यासाठी

पहिले, ते साठ हजार देऊ नका. मामूंना सलाम सांगा आणि समजावा, की कर्ज म्हणजे कोणी दिलेला पैसा किंवा माल. इथे त्या माणसाने काहीच दिलेले नाही. पैजेचे पैसे कोर्टात वसूल करता येत नाहीत, हे कायदा १८७२ पासून सांगतो आहे. मात्र मुलाने या नादात मित्रांकडून किंवा बँकेकडून खरोखर उसने घेतले असतील, तर ते कर्ज आहे आणि ते फेडायचे आहे. मुलाला जवळ बसवून, न ओरडता, ती यादी आज लिहून घ्या.

दुसरे, मुलाने सही केलेले कोरे चेक दिले आहेत का, हे विचारा. दिले असतील तर वकिलाला लगेच भेटा. चेक वटला नाही म्हणून नोटीस आली, तर पंधरा दिवसांची मुदत असते, ती गप्प बसून घालवू नका. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, तुम्ही स्वतः जा.

तिसरे, धमकी आली तर पोलिसांत तक्रार द्या. व्हॉट्सॲपचे संदेश आणि यूपीआयच्या नोंदी पुसू नका. ॲपच खोटे निघाले तर १९३० या सायबर क्रमांकावर लगेच फोन करा. बाजारासंबंधी काही विचारायचे असेल तर सेबीचा मोफत क्रमांक १८०० २६६ ७५७५ आहे. गेलेले पैसे परत मिळतील, असे आम्ही खोटे सांगणार नाही. जो कायदा त्याला साठ हजार मिळू देत नाही, तोच पैजेत गेलेले परत मागणेही अवघड करतो. पण आणखी जाणारे नक्की थांबवता येतात.

चौथे, पतीला सांगा की मुलाला जुगारी म्हणून हाक मारणे बंद करा. तो खोटे बोलला, हे खरे. पण त्याने लूम भंगारात जाताना पाहिले होते आणि ते पैसे दुप्पट करून वडिलांपुढे ठेवायचे त्याच्या मनात होते, असे तुम्हीच पत्रात लिहिले आहे. उरलेले दोन लूम अजून चालू आहेत. संध्याकाळी दुकान सुटल्यावर त्याला त्यांच्यापाशी बसवा आणि सुताचा हिशेब त्याच्याकडे द्या. आकड्यांची आवड आहे तर ती तिथे कामी येऊ द्या.

आमच्या भाऊंनी यंदा कापूस तीन टप्प्यांत विकला: एक हिस्सा वेचणीनंतर लगेच, एक सीसीआयला आणि एक पेरणीसाठी राखून. सर्वांत उंच भाव त्यांना मिळाला नाही, पण ओसरीवर आता कापसाऐवजी लेकरे झोपतात.

अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, बचतीबद्दल बोलू.